सगळे म्हणतात वजन कमी कर, पण माझ्या फुफ्फुसांना नक्की झालंय काय?

या वेळचं पत्र जरा लांब होतं म्हणून कापून देतेय, पण मुद्दे सगळे ठेवलेत:

"ताई, मी ३८ वर्षांची, उंची १५७ सेंटीमीटर, वजन ८४ किलो. गेल्या सहा वर्षांत जवळजवळ २० किलो वाढलं. दोन मजले चढले की समोरच्याशी बोलता येत नाही. वाकून बुटाची लेस बांधली तरी सरळ होताना धाप लागते. आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. आधी दमा म्हणून इनहेलर दिला, तीन महिने घेतला, काडीचा फरक नाही. मग फुंकायची टेस्ट झाली, रिपोर्टवर 'माइल्ड रेस्ट्रिक्शन' लिहून आलं. एफव्हीसी ७६ टक्के, एफईव्ही१ ७८ टक्के, रेशो ८४. नेटवर शोधलं तर फुफ्फुसाचा फायब्रोसिस निघाला आणि तेव्हापासून माझी झोप उडालीये. डॉक्टरांना विचारलं तर 'वजन कमी करा' एवढंच, दोन मिनिटांत बाहेर. माझी फुफ्फुसं कायमची खराब झालीत का? आणि धाप लागते म्हणून चालता येत नाही, चालत नाही म्हणून वजन उतरत नाही, मी करू तरी काय? — दमलेली"

अगं दमलेली, तुला अगंतुगं करतेय, राग मानू नकोस, माझ्याहून बरीच लहान आहेस. आधी तुझी झोप परत आणू, बाकीचं मग. तू दिलेल्या आकड्यांवरून फायब्रोसिसचं, म्हणजे फुफ्फुसाची जाळी जाड होण्याच्या आजाराचं, निदान होत नाही. होऊच शकत नाही, कारण फुंकायच्या टेस्टमध्ये फक्त तू किती हवा बाहेर टाकलीस आणि किती वेगात टाकलीस एवढंच कळतं. टाकून झाल्यावर आत किती उरली ते त्या मशीनला दिसतच नाही. म्हणजे 'रेस्ट्रिक्शन', फुफ्फुसात हवा कमी मावते असं सांगणारा शब्द, या टेस्टपुरता एक संशय आहे, निदान नाही. रिपोर्टच्या तळाशी ती ओळ बऱ्याचदा सॉफ्टवेअरच छापतं आणि पेशंट ती घरी नेऊन रात्रभर गूगल करत बसतो.

अजून एक गोष्ट, जी तुला कोणी सांगितली नसणार. एफव्हीसी म्हणजे छाती भरून घेऊन जोरात बाहेर टाकलेली एकूण हवा. तिचे ते ७६ टक्के म्हणजे कशाच्या ७६ टक्के? तुझ्या वयाच्या, तुझ्या उंचीच्या बाईची अपेक्षित हवा असते तिच्या. त्या अपेक्षित आकड्यात वय धरतात, उंची धरतात, स्त्री की पुरुष ते धरतात, वजन धरतच नाहीत. तू ६४ किलोची असतीस तरी अपेक्षित आकडा तोच आला असता. म्हणजे वजनामुळे जे काही कमी झालं ते सगळं त्या टक्क्यांतून वजा होऊन दिसतं आणि कागदावर मात्र असं वाटतं की फुफ्फुसच घटलंय.

आता वजनानं होतं काय. हे जरा सविस्तर सांगते कारण हे एकदा डोक्यात बसलं की तुझ्या लेस बांधण्यापासून सगळ्याचा उलगडा होतो.

आत्ता खुर्चीत बसली असशील तर एक करून बघ. नेहमीसारखा श्वास घे, नेहमीसारखा सोड, आणि सोडून झाल्यावर थांब. आता पुढचा श्वास न घेता अजून जेवढी हवा ढकलून बाहेर काढता येईल तेवढी काढ. ही जी जादाची निघाली ना, तिला ईआरव्ही म्हणतात, म्हणजे श्वास सोडल्यावरही जोर लावून काढता येणारा साठा. सडपातळ माणसात हा साधारण लिटरभर असतो. तुझ्याकडून फारसं काही निघालं नसेल, दोन सेकंदांत 'संपलं' असं झालं असेल. आता पाठीवर सपाट झोपून तेच कर, अजूनच कमी निघेल.

का होतं असं? फुफ्फुस रबरासारखं असतं, त्याला कायम आक्रसायचं असतं. छातीच्या पिंजऱ्याला उलट बाहेरच्या बाजूला फुलायचं असतं. दोघांची ओढाताण जिथे बरोबरीत सुटते तिथे आपला साधा श्वास संपतो, आणि तेव्हाही आत दोन-अडीच लिटर हवा आरामात शिल्लक असते. पोटावर आणि बरगड्यांवर चरबी साठली की ही बरोबरी खाली सरकते. पोटातली चरबी खालून पडद्याला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या त्या श्वासाच्या मुख्य स्नायूला, वर ढकलते, वरून छातीवर वजन असतंच. मग शिल्लक हवा कमी. २००६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ३० असलेल्यांची शिल्लक हवा, बीएमआय २० वाल्यांच्या तुलनेत ७५ टक्के होती आणि तो ईआरव्हीचा साठा तर फक्त ४७ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी! आणि ३० म्हणजे काही प्रचंड नाही, तुझा ३४ येतो. गंमत म्हणजे पूर्ण छाती भरून घेतली तर मावणारी एकूण हवा बहुतेकांत नॉर्मलच्या आसपास राहते, ती फारच जास्त वजनाला कमी व्हायला लागते. थैली तेवढीच आहे गं, फक्त तू तिच्या तळाशी बसून श्वास घेतेयस.

आणि तळाशी श्वास घेणं महाग पडतं. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते आठव, एकदा थोडा फुगला की सोपं. तुझी फुफ्फुसं प्रत्येक श्वासाला त्या जड भागातून सुरुवात करतात. शिवाय कमी फुगलेल्या फुफ्फुसात श्वासनळ्याही अरुंद होतात आणि तळाकडच्या बारीक नळ्या तर काही वेळ मिटूनच जातात. नेमकं रक्त सगळ्यात जास्त तळाकडेच वाहतं, म्हणजे रक्त येतं आणि हवा न भेटताच पुढे जातं. त्यामुळे ऑक्सिजन एखाद-दोन टक्के कमी दिसू शकतो, झोपल्यावर जास्त. शरीर मग सोपा मार्ग काढतं, छोटे छोटे आणि भरभर श्वास. ते थोडा वेळ चालतं, पण जिना चढताना ८४ किलो वर न्यायचे असतात, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि श्वासाचे स्नायू स्वतःच त्यातला मोठा वाटा खातात. दोन मजल्यांवर बोलणं बंद होतं ते म्हणून. लेस बांधताना तर मांड्या पोटाला वर दाबतात, पोट पडद्याला, आणि आपण त्यातच श्वासही रोखून धरतो. मला स्वतःला हे पाय मोडून पाच महिने घरी बसल्यावर कळलं, १२ किलो वाढलं होतं, आणि लेस बांधून उठताना मी, जी दिवसभर लोकांना श्वास शिकवते, भिंत धरून उभी. (खुर्चीत बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन लेस बांधायची, एवढ्यानं निम्मा त्रास जातो.)

चरबी कुठे आहे यालाही महत्त्व आहे. मांड्या-नितंबांवरची श्वासाला फारशी आड येत नाही, पोटातली येते. म्हणून काट्यापेक्षा कंबरेची टेप जास्त खरं बोलते. आपल्याकडच्या शरीरयष्टीला बायकांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही कंबरेची धोक्याची रेघ धरतात, बीएमआयचीही रेघ आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हा अशी खाली ओढलीये.

आता तुझ्या त्या डॉक्टरांबद्दल. त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण अर्धंच सांगितलं. जाड माणसाला गुडघा दुखला, धाप लागली, डोकं दुखलं, सगळ्याला एकच उत्तर द्यायची आमच्या पेशात फार वाईट खोड आहे, आणि त्यात खरी दुखणी सुटून जातात. वजन हे कारण शेवटी ठरवायचं, बाकीचं बघून झाल्यावर. आणि तुझ्या बाबतीत बघायला हवंच, कारण तुझ्याएवढ्या वजनाला बऱ्याच जणांचा एफव्हीसी थोडा घटला तरी नॉर्मलच्या मर्यादेत राहतो. ७६ वजनानं येऊ शकतो, पण 'असेल वजनानंच' म्हणून सोडून द्यायचा आकडा तो नाही.

म्हणून पुढच्या वेळी जाशील तेव्हा मागायचं काय ते सांगते. छातीचा एक्स-रे झाला नसेल तर तो. आणि संपूर्ण पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांच्या कामाची सविस्तर तपासणी, ज्यात फुफ्फुसांची एकूण क्षमताही मोजतात आणि डीएलसीओही. हा डीएलसीओ तुझ्यासाठी सगळ्यात कामाचा आकडा आहे. फुफ्फुसातला वायू रक्तात किती सहज उतरतो ते त्यात कळतं. फायब्रोसिसमध्ये फुफ्फुसाची जाळीच जाड होते त्यामुळे हा पडतो, बऱ्याचदा लवकरच पडतो. नुसत्या वजनाच्या त्रासात तो नॉर्मल असतो, कधी कधी नॉर्मलपेक्षा जास्तही येतो कारण फुफ्फुसात रक्त जास्त असतं. म्हणजे तुझ्या रात्रीच्या भीतीचं उत्तर त्या एका आकड्यात बरंचसं मिळेल. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. ३८ वर्षांच्या, पाळी चालू असलेल्या बाईला धाप लागतेय आणि हिमोग्लोबिन बघितलेलं नाही असं मी इतक्यांदा बघितलंय की आता चिडते. ईसीजी आणि गरज वाटली तर हृदयाची इको, ते डॉक्टर ठरवतील.

इनहेलरचं. तुझा रेशो, म्हणजे एकूण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात निघालेला हिस्सा (ती पहिल्या सेकंदाची हवा म्हणजे एफईव्ही१), ८४ टक्के आहे, म्हणजे टेस्टच्या वेळी नळ्या काही दम्यासारख्या आवळलेल्या नव्हत्या. पण दमा लपंडाव खेळतो, एका टेस्टला नॉर्मल दिसतो, म्हणून औषध देण्याआधी आणि नंतर अशी फुंकायची टेस्ट केली होती का ते विचार. कॅनडात २०१७ साली ६१३ जणांची नीट तपासणी केली, सगळ्यांना डॉक्टरांनी दमा सांगितलेला, तर त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याला सध्या दमा नव्हताच. त्यामुळे तुझा इनहेलर लागू पडला नाही यात तुझा काही दोष नाही, बहुधा तो चुकीच्या कुलुपाची किल्ली होता. फक्त मनानं बंद करू नकोस, त्यात स्टेरॉइड असेल तर डॉक्टरांना सांगूनच.

याची उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. जास्त वजनाच्या लोकांत खरा दमा जास्त होतो आणि तो आटोक्यात यायलाही त्रास देतो. चरबी म्हणजे नुसती अडगळ नाही, ती सतत थोडी थोडी सूज पेटवणारी रसायनं सोडत असते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तर २०१९ साली मृत व्यक्तींच्या फुफ्फुसांचे ५२ नमुने तपासून दाखवलं की श्वासनळ्यांच्या भिंतीतसुद्धा चरबी साठते आणि वजन जितकं जास्त तितकी ती जास्त. दमा असला तरी निराश व्हायचं कारण नाही. फिनलंडमध्ये २००० साली छापलेल्या एका प्रयोगात दमा असलेल्या ३८ जाड लोकांपैकी अर्ध्यांचं वजन १४ आठवड्यांत सरासरी १४.५ टक्के उतरवलं, आणि त्यांचं फुंकणं आणि त्रास दोन्ही दुसऱ्या गटापेक्षा सुधारलं.

आता एक प्रश्न, जो तुझ्या पत्रात नाही आणि तो मुद्दाम विचारतेय. तू घोरतेस का? बायका हे लिहीत नाहीत, लाज वाटते. घोरणं नसलं तरी सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं, आठ तास झोपूनही दुपारी पेंग, रात्री गुदमरून जाग, यातलं काही असेल तर स्लीप स्टडी करून घे. मानेभोवती आणि जिभेच्या मुळाशी चरबी असली की झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून उठवतो, आणि हे तासाला ५ वेळा झालं तर सौम्य, १५ ला मध्यम, ३० च्या वर गंभीर असं मोजतात. बायकांत याची लक्षणं नुसता थकवा आणि निद्रानाश अशी येतात आणि 'स्ट्रेस आहे' म्हणून बोळवण होते. तुला झोप लागत नाही ती सगळी गूगलमुळेच असेल असं नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे दिवसासुद्धा श्वास अपुरा पडून रक्तात कार्बन डायऑक्साइड साचणं. हे तुझ्या वजनाला तसं कमी दिसतं, पण ओळखायची सोपी युक्ती आहे. साध्या रक्ततपासणीत बायकार्बोनेट मोजतात, ते २७ च्या खाली असेल तर ही भानगड असण्याची शक्यता फार कमी. २७ किंवा वर आलं तर धमनीतलं रक्त घेऊन बघतात. आणि हो, कधी भूल द्यायची वेळ आली तर घोरणं आणि धाप दोन्ही भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं, भुलीत ती शिल्लक हवा अजून घटते आणि त्यांना त्याची तयारी ठेवावी लागते.

चालायचं कसं ते आता. तू म्हणतेस ते चक्र खरंच आहे, पण ते वजनाच्या बाजूनं तोडायला जाऊ नकोस, धापेच्या बाजूनं तोड. वर लिहिलेल्या तपासण्यांत हृदयाचं काही निघालं नाही तर चालताना लागणारी धाप ही वाईट वाटते पण ती इजा करत नाहीये, हे शरीराला पटवावं लागतं. सपाट रस्त्यावर दोन मिनिटं चाल, एक मिनिट थांब, असं पाच-सहा वेळा. वेग असा की अख्खं वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. थांबताना कंबरेत मोडून वाकू नकोस, भिंतीला किंवा कठड्याला हात टेकून थोडी पुढे झुक, हातांना आधार मिळाला की छातीचे स्नायू श्वासाला मोकळे होतात. ओठांचा चंबू करून हळू सोड. जिन्यावर फोनवर बोलत चढायचं नाही, आणि पायरी चढताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. दर आठवड्याला थांबण्याचा वेळ थोडा कमी कर. सहा-आठ आठवड्यांत वजन जागचं हललं नाही तरी धाप कमी झालेली असते, कारण पायाचे स्नायू तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये जास्त काम करायला शिकतात. हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय आणि पेशंटांना ते दर वेळी खोटं वाटतं.

झोपताना सपाट उताणं झोपणं टाळ, कुशीवर झोप किंवा पलंगाची डोक्याकडची बाजू उचल. पडदा तेवढाच खाली उतरतो.

आणि वजन. उतरवायचं आहेच, पण ६४ चं स्वप्न बाजूला ठेव. ५ ते १० टक्के म्हणजे तुझे ४ ते ८ किलो, एवढ्यावरच श्वासात फरक कळायला लागतो, कारण पोटातली चरबी लवकर उतरते आणि सगळ्यात आधी तो ईआरव्हीचा साठा परत येतो. झोपेच्या त्रासावर मोजलेला आकडा आहे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या २००० सालच्या अभ्यासात वजन १० टक्के घटलं तर झोपेतलं श्वास थांबणं सुमारे २६ टक्के घटेल असा हिशेब निघाला. युरोपात ३,६७३ लोकांना २० वर्षं बघितलं, त्याचे निष्कर्ष २०२० साली आले: वजन वाढत गेलेल्यांची फुफ्फुसाची क्षमता वयामानानं घटते त्याहून वेगानं घटली, आणि ज्यांनी वजन उतरवलं त्यांची घट मंदावली. म्हणजे कायमचं खराब झालंय का या तुझ्या प्रश्नाला, तपासण्या स्वच्छ आल्या तर, माझं उत्तर नाही असंच आहे. पण 'नंतर बघू' म्हणत अजून दहा वर्षं काढलीस तर हे उत्तर मी इतक्या छातीठोकपणे देणार नाही.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल तू विचारलं नाहीस पण दुसऱ्या दहा जणी विचारतील. त्यातल्या टिरझेपटाइडला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत, लठ्ठपणासोबत मध्यम ते गंभीर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा तो त्रास) असलेल्या प्रौढांसाठी मान्यता मिळाली, त्यामुळे ही काही फक्त बारीक दिसायची औषधं राहिलेली नाहीत. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, मैत्रिणीच्या इंजेक्शनच्या पेनमधून नाही.

एक मात्र ध्यानात ठेव, यातलं काही झालं तर माझं हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं: धाप अचानक वाढणं, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, एकच पाय सुजून दुखणं, थुंकीतून रक्त, ओठ निळसर, चक्कर येऊन पडणं, किंवा ऑक्सिमीटर शांत बसलेलं असताना सारखा ९२ च्या खाली दाखवत असणं (नेलपॉलिश काढून आणि हात गरम करून एकदा परत बघ, ते यंत्रही चुकतं). दोन्ही घोट्यांना सूज आणि सपाट झोपताच येत नाही असं झालं तर हृदयाकडे बघायला हवं, तेही थांबवू नकोस.

डीएलसीओ, हिमोग्लोबिन आणि बायकार्बोनेट, हे तीन आकडे आले की मला लिहून पाठव. आणि घोरण्याचं घरच्यांना विचारून खरं खरं लिही.